उमेदवार टोकाचा निघाला म्हणून पक्ष बदलताय? आधी तारीख बघा

आपल्या पक्षाने भलताच उमेदवार उभा केला, याला काही आपण मत देणार नाही, असं एकदा मनाने घेतलं की अमेरिकेतले बरेच मतदार आधी धावतात ते नोंदणीतला पक्ष बदलायला. नोव्हेंबरच्या निवडणुकीपुरतं बोलायचं तर त्याची काही गरज नसते. रिपब्लिकन म्हणून नोंद असलेला मतदार नोव्हेंबरात डेमोक्रॅट उमेदवाराला मत देऊ शकतो आणि डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेला रिपब्लिकनला. मतपत्रिका सगळ्यांना एकच, मत गुप्त, नोंदणीतला पक्ष तिथे कुणी विचारत नाही.

लुइझियानात १९९१ साली गव्हर्नरपदाच्या अंतिम फेरीत एका बाजूला गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी कुख्यात असलेल्या कू क्लक्स क्लॅन संघटनेचा माजी नेता डेव्हिड ड्यूक रिपब्लिकन म्हणून उभा होता आणि दुसऱ्या बाजूला भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गाजलेले डेमोक्रॅट एडविन एडवर्ड्स. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत हजारो रिपब्लिकनांनी एडवर्ड्सना मत दिलं. 'चोराला मत द्या, ते महत्त्वाचं आहे' अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांच्या बंपरवर लागले होते. खुद्द रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ड्यूकला पाठिंबा नाकारला. एडवर्ड्स सुमारे ६१ विरुद्ध ३९ टक्क्यांनी जिंकले. यासाठी कुणालाही नोंदणीचा फॉर्म भरावा लागला नाही.

नोंदणीतला पक्ष कामाला येतो तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरतो त्या निवडणुकीत. म्हणून फॉर्म उघडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढच्या प्रायमरीत मला कुठल्या पक्षाची मतपत्रिका हातात हवी आहे?

सोडून जाण्याआधीचा हिशेब

मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षातल्या प्रायमरीला साधारण पाचातला एक पात्र मतदार येतो. येणाऱ्यांत पक्षाचे कट्टर समर्थक जास्त असतात. त्यातून तुमच्यासारखे मवाळ मतदार रागावून निघून गेले की मागे उरलेला गोतावळा आणखी कडवा होतो आणि ज्या उमेदवारामुळे तुम्ही गेलात, त्याची पुढची प्रायमरी सोपी होते. पक्ष बदलणाऱ्यांच्या ध्यानात सर्वांत उशिरा येते ती हीच गोष्ट.

डेलावेअरचं २०१० सालचं उदाहरण घ्या. तिथली प्रायमरी बंद, म्हणजे पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांपुरतीच. सिनेटच्या रिपब्लिकन प्रायमरीत दोनदा गव्हर्नर राहिलेले मवाळ माइक कॅसल टी पार्टी या पक्षातल्याच कट्टर गटाच्या क्रिस्टीन ओडॉनेल यांच्याकडून सुमारे साडेतीन हजार मतांनी हरले. आधीच 'अपक्ष' होऊन बसलेल्या माजी रिपब्लिकनांना कॅसलना मत देण्याची सोयच नव्हती. नोव्हेंबरात ओडॉनेल डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांच्याकडून जवळपास १७ टक्क्यांनी हरल्या.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. इलिनॉयमध्ये १९८६ साली डेमोक्रॅट प्रायमरीत लिंडन लारूश या टोकाच्या विचारांच्या नेत्याच्या पंथाचे दोन अनुयायी राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदांचे उमेदवार म्हणून निवडले गेले. मतदारांनी ही नावं फारशी तपासलीच नव्हती. गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन तिसरे यांनी त्यांच्यासोबत लढायला नकार दिला आणि वेगळाच पक्ष काढून निवडणूक लढवली. ते हरले.

तेव्हा हिशेब असा मांडा. तुमचा मतदारसंघ एका पक्षाचा बालेकिल्ला असेल तर खरी निवडणूक प्रायमरीतच होते. अशा ठिकाणी विचार कुठलेही असोत, नोंदणी त्या बलाढ्य पक्षात असली तरच तुमच्या मताला वजन. मतदारसंघ अटीतटीचा असेल तर आहे तिथेच राहून प्रायमरीत मवाळ उमेदवाराला मत द्यावं, तो हरलाच तर नोव्हेंबरात पलीकडे जावं. बहुतेकांना हाच मार्ग सोयीचा पडतो. आणि राग एका उमेदवारावर नसून सगळ्या पक्षावरच असेल, तर मग खुशाल बदला. पण तेव्हाही 'कुठलाच पक्ष नाही' आणि 'दुसरा पक्ष' यांतलं काय निवडायचं, हे तुमच्या राज्यातल्या प्रायमरीचे नियम पाहूनच ठरवा.

तुमचं राज्य कुठल्या जातकुळीचं?

सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणीत पक्षाचा रकाना असतो. बाकीच्यांत नसतोच, त्यामुळे तिथे 'पक्ष बदलणं' हा प्रकारही नाही. टेक्सस, जॉर्जिया, व्हर्जिनिया, मिशिगन, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, वॉशिंग्टन ही अशी राज्यं. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही.

टेक्ससमध्ये मार्चच्या प्रायमरीला ज्या पक्षाची मतपत्रिका घ्याल, त्या पक्षाचे तुम्ही त्या वर्षापुरते. मार्चमध्ये एका पक्षाची मतपत्रिका घेऊन मे महिन्याच्या रनऑफमध्ये (कुणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीत) दुसऱ्याची मागता येत नाही. मार्चमध्ये मतच दिलं नसेल तर रनऑफला कुठलीही घ्या. टेक्ससमधला खरा डाव बरेचदा रनऑफमध्येच रंगतो, त्यामुळे हे मार्चमध्येच ठरवावं लागतं. मिशिगनमध्ये ऑगस्टच्या प्रायमरीला पक्षाची निवड आत, पडद्याआड होते. मात्र दोन पक्षांच्या रकान्यांत खुणा केल्या तर मतपत्रिकेचा पक्षीय भाग सगळाच बाद.

पक्षनोंदणी असलेल्या राज्यांतही दोन तऱ्हा आहेत. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, केंटकी, डेलावेअर इथे प्रायमरी बंद: पक्षात नोंद नसेल तर उमेदवार निवडण्याचा हक्क नाही. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर, कोलोरॅडो इथे पक्षात नसलेल्यांना कुठल्यातरी एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, पण दुसऱ्या पक्षाच्या सदस्याला तसं येत नाही. या दुसऱ्या गटातल्या राज्यांत 'कुठलाच पक्ष नाही' ही जागा सर्वांत मोकळी. दर वेळी हवी ती प्रायमरी निवडता येते.

कॅलिफोर्नियाचं गणित निराळं. २०१० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १४ या प्रस्तावानंतर काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि राज्याच्या पदांसाठी सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोन नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. तिथे नोंदणीतला पक्ष मुख्यतः राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत महत्त्वाचा ठरतो.

नियम बदलतही असतात. लुइझियाना २०२६ पासून काँग्रेससह काही पदांसाठी पक्षनिहाय, दुसऱ्या पक्षाच्या सदस्याला बंद असलेल्या प्रायमरीकडे वळलं. न्यू मेक्सिकोने २०२५ च्या कायद्याने नेमकं उलट केलं, पक्ष नसलेल्यांना दार उघडलं. म्हणून मित्राने चार वर्षांपूर्वी सांगितलेल्या नियमावर विसंबू नका.

तारखा: सगळं घोडं इथेच अडतं

उमेदवार टोकाचा आहे हे साधारणपणे प्रायमरीच्या महिनाभर आधी लोकांच्या लक्षात येतं, जाहिराती सुरू झाल्यावर. तोवर अनेक राज्यांत मुदत उलटून गेलेली असते.

न्यू यॉर्कमध्ये पक्ष बदलायचा असेल तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत निवडणूक मंडळाच्या हातात पडला पाहिजे. त्यानंतरचा अर्ज राखून ठेवतात आणि जूनच्या प्रायमरीनंतर सात दिवसांनी लागू करतात. म्हणजे वरातीमागून घोडं. पक्ष नसलेल्याला पक्षात यायचं असेल तरी हीच तारीख. पूर्वी तर ही मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपायची. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इवांका आणि एरिक याच नियमामुळे वडिलांना न्यू यॉर्कच्या प्रायमरीत मत देऊ शकली नव्हती. लांब मुदतीचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच वैध ठरवला होता, त्यामुळे कोर्टात जाऊन सवलत मिळेल अशी आशा धरू नका.

केंटकीत मे महिन्याच्या प्रायमरीसाठी आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत बदल करावा लागतो. न्यू जर्सीत एका पक्षातून दुसऱ्यात जायला प्रायमरीच्या ५५ दिवस आधीपर्यंत मुदत. जूनच्या सुरुवातीची प्रायमरी धरली तर एप्रिलच्या पूर्वार्धातली तारीख येते. पक्षात नसलेला मतदार मात्र तिथे प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष जाहीर करून मत देऊ शकतो. फ्लोरिडात २९ दिवस, पेनसिल्व्हेनियात १५, मॅसॅच्युसेट्समध्ये १०.

वायोमिंगची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. २०२२ मध्ये ट्रम्पविरोधी रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांना वाचवायला बऱ्याच डेमोक्रॅटांनी प्रायमरीच्या तोंडावर रिपब्लिकन नोंदणी केली. उपयोग झाला नाही, चेनी हॅरिएट हेगमन यांच्याकडून प्रचंड फरकाने हरल्या. पण राज्याने २०२३ मध्ये कायदा करून ती वाट बंद केली. आता उमेदवारी अर्ज भरायला मे महिन्यात सुरुवात झाली की ऑगस्टच्या प्रायमरीपर्यंत पक्ष बदलता येत नाही. म्हणजे रिंगणात कोण कोण आहे हे अधिकृतपणे कळायच्या आधीच पक्ष ठरवा. असा नियम करणाऱ्यांना मतदाराचं हित हवं होतं असं म्हणणं जरा कठीणच.

यावर उपाय एकच: जानेवारी लागला की राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रायमरीची तारीख आणि पक्षबदलाची मुदत दोन्ही शोधा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या तीन आठवडे आधीची आठवण लावा. केंटकीवाल्यांनी हे काम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगलाच उरकावं.

फॉर्म भरताना

आधी एक महत्त्वाचं. मतदार नोंदणी फक्त अमेरिकी नागरिकांची. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्याने डीएमव्हीत (वाहन परवाना कार्यालयात) परवाना काढताना चुकून 'नोंदणी करा' या प्रश्नाला हो म्हटलं, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते गळ्याशी येतं. घरात नागरिक आणि ग्रीन कार्डवाले दोन्ही असतील तर नागरिकानेच स्वतःचा फॉर्म भरावा, बाकीच्यांचे 'जाता जाता' भरू नयेत.

पायऱ्या अशा. प्रथम राज्याच्या पोर्टलवर 'माझी नोंदणी तपासा' या पानावर जाऊन सध्या कुठला पक्ष लिहिलाय ते बघा. आपण पक्षातच नाही असं समजणारे पुष्कळ जण दहा वर्षांपूर्वी डीएमव्हीत टिचकी मारून कुठल्यातरी पक्षात बसलेले असतात. मग बहुतेक राज्यांत नव्या नोंदणीचाच फॉर्म पुन्हा भरायचा आणि 'पक्षात बदल' या चौकटीत खूण करायची. ऑनलाइन भरायला सहसा ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक लागतो, तो नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. केंद्र सरकारच्या टपाली फॉर्ममध्ये पक्षाचा रकाना सातवा. न्यू जर्सीत यासाठी पक्षजाहीरनाम्याचा स्वतंत्र फॉर्म आहे, तो काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात किंवा म्युनिसिपल क्लार्ककडे द्यायचा.

नाव लायसन्सवर आहे तस्संच लिहा. मराठी नावांत इथेच घोळ होतो: वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर मधलं नाव म्हणून, दुसऱ्यावर गायब, तिसऱ्यावर आडनावाला चिकटलेलं. नोंदणी जुळवणारी यंत्रणा लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी पडताळणी करते, आणि नाव जुळलं नाही तर अर्ज अडकतो किंवा त्याच माणसाची दुसरी नोंद तयार होते. सहीसुद्धा लायसन्सवरच्या सहीसारखीच करा.

पक्षाच्या रकान्यातला सापळा म्हणजे 'इंडिपेंडंट' हा शब्द. कॅलिफोर्नियात 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' नावाचा खराखुरा पक्ष आहे. वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तो निघाला होता. टोकाच्या उमेदवाराला कंटाळून 'आपण बापडे अपक्ष' म्हणत कित्येक लोक थेट त्याच पक्षाचे सदस्य होऊन बसतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. अपक्ष राहायचं असेल तर तुमच्या राज्यातला नेमका शब्द शोधा. कॅलिफोर्नियात 'नो पार्टी प्रेफरन्स', फ्लोरिडात 'नो पार्टी अफिलिएशन', मॅसॅच्युसेट्समध्ये 'अनएनरोल्ड', न्यू हॅम्पशरमध्ये 'अनडिक्लेअर्ड', न्यू जर्सी आणि कोलोरॅडोत 'अनअफिलिएटेड'.

पत्ता बदलायला फॉर्म भरत असाल तरी पक्षाचा रकाना रिकामा सोडू नका. आणि दुसऱ्या राज्यात गेलात तर जुना पक्ष सोबत येत नाही, तिथे पाटी कोरी.

टपालाने पाठवत असाल तर मुदत शिक्क्याच्या तारखेची की पोहोचण्याच्या तारखेची, हे फॉर्मच्या मागे छापलेलं असतं ते वाचा. शक्य असेल तर ऑनलाइनच भरा आणि पावतीचा क्रमांक जपून ठेवा. दोन आठवड्यांनी पोर्टलवर पुन्हा जाऊन नवा पक्ष दिसतोय का ते बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

तरीही चुकतं ते इथे

घरपोच मतपत्रिकेच्या कायम यादीत तुमचं नाव असेल आणि बदल उशिरा नोंदला गेला, तर पाकीट जुन्या पक्षाचं येऊ शकतं. ते भरून पाठवू नका, काउंटी कार्यालयाला फोन करून बदली मागा.

कोलोरॅडोत पक्ष नसलेल्यांना दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका एकाच टपालात येतात. भरून परत पाठवायची ती एकच. दोन्ही पाठवल्या तर एकही मोजत नाहीत. उरलेली लगेच फाडून टाका, टेबलावर ठेवलीत तर नवरा-बायकोच्या पाकिटांत अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

केंद्रावर यादीत पक्ष चुकीचा दिसला तर वाद घालत बसू नका. प्रोव्हिजनल, म्हणजे पडताळणीनंतर मोजायची तात्पुरती मतपत्रिका मागा, न्यू यॉर्कमध्ये तिला ॲफिडेव्हिट मतपत्रिका म्हणतात. नोंदीत तुमचं म्हणणं खरं निघालं तरच ती मोजली जाते, आणि तिथे तो स्क्रीनशॉट उपयोगी पडतो.

आणखी एक वेगळ्या जातीची चूक म्हणजे जाहिरातीला भुलणं. मिझुरीत २०१२ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी रिपब्लिकन प्रायमरीत टॉड एकिन 'फारच कट्टर' आहेत अशा जाहिराती मुद्दाम चालवल्या. कट्टर मतदारांना ते आवडावं आणि नोव्हेंबरात आपल्याला सोपा प्रतिस्पर्धी मिळावा, हा हेतू. एकिन प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरात हरले. २०२२ मध्ये मिशिगनच्या तिसऱ्या मतदारसंघात डेमोक्रॅटांच्या प्रचारसमितीने जॉन गिब्ज यांच्यासाठी असंच केलं आणि मवाळ रिपब्लिकन पीटर मायर यांचा पत्ता कट झाला. तेव्हा जाहिरातीच्या तळाशी पैसे कुणी दिले ते वाचायची सवय लावा. पलीकडच्या प्रायमरीत सर्वांत वाईट उमेदवाराला मत देऊन त्याला पुढे ढकलण्याचा मोह झाला तर एवढं लक्षात असू द्या की अशा उमेदवारांतला एखादा नोव्हेंबरात जिंकतोही.

पक्ष न बदलताही

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दर पदासाठी वेगळा विचार करा. अलाबामा, इंडियाना, केंटकी, मिशिगन, ओक्लाहोमा आणि साउथ कॅरोलायना या सहा राज्यांत एका खुणेने सगळी मतं पक्षाला देण्याची सोय अजून आहे. ती चौकट टाळा. मिशिगनमध्ये ती खूण करूनही एखाद्या पदासाठी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारापुढे वेगळी खूण केली, तर त्या पदापुरती तीच धरतात. एखाद्या पदाला कुणीच पटत नसेल तर तो रकाना मोकळा सोडा, बाकीची मतपत्रिका बाद होत नाही.

न्यू यॉर्क आणि कनेटिकटमध्ये एकच उमेदवार दोन-तीन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो. उमेदवार पटतो पण पक्षाची दिशा नाही, असं असेल तर दुसऱ्या ओळीवर मत द्या. मत त्याच उमेदवाराला मिळतं आणि संदेश पक्षाला पोहोचतो.

मतपत्रिकेवर छापलेलं नसलेलं नाव हाताने लिहिण्याचा पर्याय फुसका वाटतो, पण कधीकधी चालतो. न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोत जून २०२१ च्या डेमोक्रॅट प्रायमरीत डेमोक्रॅटिक सोशलिस्ट इंडिया वॉल्टन यांनी महापौर बायरन ब्राउन यांना हरवलं. ब्राउन यांनी नोव्हेंबरात नाव लिहून देण्याची मोहीम चालवली, मतदारांना नावाचे रबरी शिक्के वाटले आणि ते जिंकले. लिसा मर्कोव्स्की अलास्कात २०१० मध्ये अशाच सिनेटवर निवडून आल्या. मात्र पुष्कळ राज्यांत आधी रीतसर अर्ज केलेल्यांचीच नावं मोजतात. रागाच्या भरात मिकी माउस लिहिलात तर ते मत कुठल्याच गणतीत येत नाही.

बदलल्यानंतर

कुणाला मत दिलं ते गुप्त, पण नोंदणीतला पक्ष गुप्त नसतो. मतदार यादी पक्षांना आणि प्रचारकांना मिळते, त्यामुळे नव्या पक्षाचे फोन आणि पत्रकं सुरू होतील, जुन्याचीही काही महिने थांबणार नाहीत. जुन्या पक्षाच्या स्थानिक समितीवर असाल तर आधी राजीनामा द्या. न्यू यॉर्कमध्ये पक्षाच्या उमेदवारी याचिकेवर त्याच पक्षाच्या सदस्यांची सही चालते, तेव्हा जुन्या मित्राच्या उमेदवारासाठी सही केलीत तर ती बाद होईल. टेक्ससमध्ये प्रायमरीत मत दिलेल्याला त्या निवडणुकीसाठी अपक्ष उमेदवाराच्या अर्जावर सही करता येत नाही.

पक्ष नसलेल्याने न्यू जर्सीत प्रायमरीच्या दिवशी पक्ष जाहीर केला की तो त्या पक्षाचा सदस्य होतो, आणि परत मोकळं व्हायला पुन्हा फॉर्म भरावा लागतो. न्यू हॅम्पशरमध्ये हेच काम मत देऊन झाल्यावर बाहेर पडता पडता एका सहीने होतं. ते टेबल बहुधा दारापाशी असतं आणि घाईत लोक त्याच्यासमोरून निघून जातात.